गुळवेलीची परीक्षा घेणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर

शेगाव परिसरात शेताच्या बांधावरील कडुनिंबाकडे नजर टाकली, तर त्याच्या खोडाला वेढे घालत वर गेलेली गुळवेल पुष्कळदा दिसते. ताप उतरेना, अंगातली कणकण जाईना, की जुनी माणसे या वेलीचे कांडे ठेचून काढा करीत. कावीळ झाली म्हणजे तर डॉक्टरआधी झाडपाल्याचे औषध देणारा गाठायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज. २०२० साली करोनाच्या साथीत श्री गजानन महाराजांचे मंदिरही भाविकांसाठी बंद ठेवावे लागले. त्या भयाच्या दिवसांत ही रानवेल ‘गिलोय’ या हिंदी नावाने शहरांतल्या घराघरांत पोहोचली. मात्र या वेलीला प्रयोगशाळेत नेऊन, यकृतावर तिचा नेमका काय परिणाम होतो हे प्राण्यांवर तपासण्याचे काम मुंबईत त्याच्या कितीतरी आधी झाले होते. त्या कामाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांना जाऊन आता दोन तपे होत आली.

मराठी वाचकांना डहाणूकर यांची ओळख आहे ती मुख्यतः लेखिका म्हणून. ‘हिरवाई’, ‘फुलवा’ यांसारख्या पुस्तकांतून त्यांनी आपल्या अवतीभवतीची झाडे, फुले आणि वेली वाचकांच्या स्नेहात आणून सोडल्या. ‘पांचाळीची थाळी’ हे त्यांचे पुस्तकही अनेकांच्या संग्रही असेल. परंतु हे लेखन करणारी व्यक्ती पेशाने औषधशास्त्रज्ञ होती. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या केईएम रुग्णालयात त्यांनी अध्यापन आणि संशोधन केले. पुढे महापालिकेच्या वैद्यकीय सेवेतील वरिष्ठ जबाबदाऱ्याही त्यांच्याकडे आल्या. झाडावर प्रेम करणारी लेखिका आणि त्याच झाडाच्या रसाकडे संशयाने पाहणारी शास्त्रज्ञ, अशा दोन्ही भूमिका त्यांनी एकाच वेळी निभावल्या.

त्यांनी संशोधनास हात घातला त्या काळात आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांच्यात फारसा संवाद नव्हता. एका बाजूला ग्रंथात लिहिले आहे म्हणून औषध गुणकारीच असणार, अशी श्रद्धा होती. दुसऱ्या बाजूला ग्रंथात लिहिले आहे म्हणूनच ते तपासण्याच्या लायकीचे नाही, अशी उपेक्षा होती. डहाणूकर यांनी या दोहोंपासून अंतर राखले. डॉ. ऊर्मिला थत्ते यांच्यासह त्यांनी १९८६ साली औषधशास्त्रातील एका नामांकित आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आयुर्वेद आणि समकालीन विज्ञानविचार यांच्यावर लेख लिहिला. १९८९ साली या दोघींचे ‘आयुर्वेद रीव्हिजिटेड’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. आयुर्वेदातील ‘रसायन’ या संकल्पनेचा आजच्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्राशी काही मेळ बसतो का, हा त्यांच्या कामाचा केंद्रीय प्रश्न होता.

यकृताकडे त्या वळल्या ते याच वाटेने. पोटात गेलेले बहुतेक प्रत्येक औषध यकृतातून जाते. तेथील विकरे त्याचे रूपांतर करतात आणि शरीराबाहेर टाकण्याजोगे बनवतात. कधी कधी मात्र याच रूपांतरातून मूळ पदार्थाहून घातक असे काही तयार होते. कार्बन टेट्राक्लोराइड हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. यकृतात या द्रवापासून एक अतिशय क्रियाशील मूलक निर्माण होतो आणि तो पेशींच्या आवरणातील स्निग्धांशच जाळू लागतो. त्यामुळे यकृताला मुद्दाम इजा करून संरक्षक औषधाची परीक्षा घ्यायची असेल, तर जगभरातील प्रयोगशाळा उंदरांवर हाच द्रव वापरीत आल्या आहेत. डॉ. निर्मला रेगे आणि डॉ. एस. एम. करंदीकर यांच्यासह डहाणूकर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले संशोधन याच पद्धतीचे होते. कार्बन टेट्राक्लोराइडने होणाऱ्या इजेपासून गुळवेल यकृताचे रक्षण करते, असे त्यातून दिसून आले.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. उंदराच्या यकृतात जे घडले ते माणसाच्या खाटेपाशी खरे ठरते का, हे पाहणे पुढचे पाऊल होते. पित्तनलिका बंद झाल्याने होणाऱ्या काविळीत रुग्णाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने मृत्यू ओढवतो, हा शल्यविशारदांचा नित्याचा अनुभव होता. केईएमच्या चमूने आधी प्राण्यांमध्ये ही स्थिती अभ्यासली. मग अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले, तर दुसऱ्याला त्यांच्या जोडीने गुळवेल. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यकृताच्या कार्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची शक्ती मात्र गुळवेल घेणाऱ्यांतच पूर्ववत झाली. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्यात ९२.४ टक्के होते. रुग्ण थोडे होते, हे खरे. तरीही या प्रयोगाने एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. गुळवेलीचा प्रभाव निव्वळ यकृतापुरता नव्हता, तो शरीराच्या प्रतिकारयंत्रणेवरही होता. १९९४ साली चमूने यकृतातच वास करणाऱ्या कुफर पेशींवर उंदरांत केलेला अभ्यास याच दिशेने जाणारा होता.

२००२ साली डहाणूकर यांचे निधन झाले. त्यांच्या पिढीची साधने मर्यादित होती. रक्तात यकृताची विकरे किती वाढली हे मोजायचे आणि प्राण्याच्या यकृताचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. पण विकर रक्तात उतरते ते पेशी फुटल्यावर. इजा होऊन गेल्यानंतरचाच हा पुरावा. योगायोग असा, की त्याच २००२ साली जपानमध्ये औषधांनी होणारी इजा जनुकांच्या भाषेत वाचण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. पेशीवर संकट आले की काही जनुके जागी होतात, काही मूक होतात. कोणत्या जनुकाचा संदेश किती प्रमाणात लिहिला जात आहे, हे हजारो जनुकांसाठी एकाच वेळी मोजता येते. जपानी शास्त्रज्ञांनी १७० पदार्थ उंदरांना आणि प्रयोगशाळेतील यकृतपेशींना देऊन अशा नोंदींचे भांडार तयार केले आणि ते सर्वांना खुले केले. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पॅरासिटामॉलची घातक मात्रा कोणत्या उंदराला मिळाली आहे, हे रक्तातील जनुकांच्या ठशावरून ओळखता आले.

ही साधने का हवीत, याचे दारुण उदाहरण १९९३ सालचे आहे. कावीळ-ब वरील फियालुरिडिन हे औषध प्राण्यांच्या चाचण्यांत निर्धोक वाटले होते. अमेरिकेत ते १५ रुग्णांना दिले गेले आणि त्यांपैकी पाच जण दगावले. उंदराचे यकृत माणसाच्या यकृताची सगळीच कहाणी सांगत नाही.

गुळवेलीच्या वाट्यालाही असाच प्रश्न आला. करोनाच्या काळात आयुष मंत्रालयाच्या उपचारसूचीत तिचा समावेश झाला आणि लोक ती महिनोन्महिने, स्वतःच्याच मनाने घेऊ लागले. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातील अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. अनेकांच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असे त्याचे म्हणणे होते. हा वाद केवळ मतांनी मिटणारा नाही. वेलीची जात पक्की करणे, मात्रा व काळ ठरवणे, आणि प्राण्यांच्या जोडीने माणसाच्या यकृतपेशींतही कोणती जनुके जागी होतात हे पाहणे, हाच त्याचा मार्ग आहे.

येथे डहाणूकर यांच्या कामाचे मोल वेगळ्या प्रकाशात दिसते. गुळवेल प्रतिकारयंत्रणेला हलवते, हे त्यांच्याच चमूने दाखवले होते. जी शक्ती जंतुसंसर्गाने खचलेल्या रुग्णाला तारते, तीच आधीपासून स्वतःविरुद्ध लढणाऱ्या शरीरात घातक ठरू शकते, ही शक्यता आजच्या तज्ज्ञांना वाटते. म्हणजे जुना निष्कर्ष आणि नवी शंका एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतातच असे नाही. एकाच गुणाच्या त्या दोन बाजू असू शकतील.

झाडांवर इतके मनापासून लिहिणाऱ्या या लेखिकेने त्यांना कधी परीक्षेतून सूट दिली नाही. शेगावच्या बांधावरची वेल तोडताना आपणही ती देऊ नये. ज्याला यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा जुना आजार आहे, त्याने काढा उकळण्याआधी डॉक्टरांना विचारावे. त्यांच्या स्मृतीला एवढे भान राखणेच शोभेल.