रायफल स्कोपवरचा कोसाइन आणि आपले भास्कराचार्य

लांब पल्ल्याच्या रायफलीच्या स्कोपला एक छोटं उपकरण लावतात, अँगल कोसाइन इंडिकेटर. नेम चढावर किंवा उतारावर किती अंशात आहे आणि त्या कोनाचा कोसाइन किती, हे ते दाखवतं. समजा लक्ष्य 500 मीटरवर आहे आणि कोन 30 अंश. कोसाइन 0.866, म्हणजे आडवं अंतर 433 मीटर. गोळी किती खाली येणार हे साधारण या आडव्या अंतरावर ठरतं. 500 धरून नेम घेतला, तर गोळी लक्ष्याच्या वरून जाते!

हे गणित आपल्याकडे 900 वर्षांपूर्वी ज्यांनी पुढे नेलं, ते भास्कराचार्य. जन्म 1114 चा, सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जडविड गावचा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' हा त्याचाच भाग.

त्यांच्या गणितात साइनला 'ज्या' म्हणतात, म्हणजे चक्क धनुष्याची दोरी. कोसाइन म्हणजे 'कोटिज्या'. 'ज्या' हाच शब्द अरबीतून लॅटिनमध्ये जाता जाता 'साइन' झाला. दोन कोनांच्या बेरजेची ज्या कशी काढायची, याचं सूत्र भास्कराचार्यांनी दिलं.

ग्रंथात त्यांनी बरीच यंत्रं सांगितली, पण सर्वांत वरचढ ठरवलं ते 'धीयंत्र', म्हणजे बुद्धी. हातात फक्त एक काठी घ्यायची, तिच्या टोकावरून बांबूचं मूळ आणि शेंडा पाहायचा आणि हिशोबाने उंची व अंतर काढायचं.

वयाच्या 69 व्या वर्षी, 1183 मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिला. पण छपाई नसलेल्या काळात ही विद्या टिकणार कशी? त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. 1207 चा तिथला शिलालेख याची साक्ष देतो.

आज तेच काम तुमच्या फोनमधला एक्सेलरोमीटर करतो. गारगोटीहून भुदरगडावर फिरायला गेलात, तर अँगल मीटर ॲप उघडा, फोनच्या कडेवरून तटाकडे बघा आणि कोन घ्या. मग कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवून कोसाइन काढा. काठीच्या जागी फोन आला, एवढाच काय तो फरक. हिशोबाला धीयंत्र मात्र अजूनही स्वतःचंच लागतं!