मक्याच्या रानातल्या सोयऱ्याचा शोध : पांडुरंग खानखोजे

गदर चळवळीच्या इतिहासात पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव सशस्त्र क्रांतीचे एक संघटक म्हणून येते. मेक्सिकोने मात्र त्यांना मक्याचे संशोधक म्हणून ओळखले. शेतातले पीक आणि त्याचा रानातला नातेवाईक यांच्यातील जनुकांच्या देवाणघेवाणीला आज शास्त्रज्ञ जनुकप्रवाह म्हणतात. हा शब्द रूढ होण्यापूर्वीच या देवाणघेवाणीचा उपयोग गरिबांच्या भाकरीसाठी करू पाहणारा हा मराठी माणूस होता.

खानखोजे यांचा जन्म 1884 मध्ये वर्ध्याचा. त्यांच्या विद्यार्थिदशेतच मध्य प्रांतावर 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ कोसळले. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने भारलेला हा तरुण 1906 च्या सुमारास जपानला आणि तेथून अमेरिकेला गेला. तेथे त्यांनी लष्करी शिक्षण घेतले आणि त्याबरोबरच कृषिशास्त्राचा अभ्यासही केला. 1913 मध्ये स्थापन झालेल्या गदर पक्षाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते तुर्कस्तान आणि इराणमार्गे हिंदुस्थानच्या सीमेकडे सरकले. पण तो उठाव फसला. पुढे जर्मनी आणि रशिया असा प्रवास करीत 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. ब्रिटिश सत्ता असेपर्यंत मायदेशाचे दार त्यांना बंद होते.

मेक्सिको शहराजवळच्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले. मका ही मेक्सिकोची भाकरी आणि मक्याची जन्मभूमीही तीच. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतील शेतकऱ्यांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतातून निवड करीत मका घडवला, असे आज मानले जाते. टिओसिंट्याचे कणीस बोटभर असते. त्यात जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या कवचात, आणि पिकले की ते आपोआप गळून पडतात. रानात टिकण्यासाठी हे गुण उपयोगी, माणसाच्या ताटासाठी निरुपयोगी.

चापिंगोच्या परिसरात हे गवत मक्याच्या शेतातच तण म्हणून उगवते. तुरा येईपर्यंत ते मक्याच्या रोपासारखेच दिसते आणि शेतकऱ्याच्या खुरपणीतून सुटते. मक्याचे पराग वाऱ्याबरोबर उडतात, टिओसिंट्याच्या केसरांवर पडतात आणि संकर होतो. उलट दिशेनेही तेच घडते. अशी संकरित रोपे बहुधा वांझ नसतात. ती पुन्हा दोन्हीकडे मिसळतात. मेक्सिकोच्या उंच, थंड पठारावरील मक्याला तेथे तग धरण्याचे बळ काही अंशी याच रानगवतापासून मिळाले, हे पुढे जनुकीय अभ्यासातून दिसून आले.

निसर्गात आपोआप चालणारी ही गोष्ट खानखोजे यांनी हेतुपूर्वक केली. मका आणि टिओसिंटे यांचा संकर करून त्यांनी तेओ-मका तयार केला. एका रोपाला अधिक कणसे लागावीत आणि थोड्या जमिनीत कुटुंबाचे पोट भरावे, हा त्यामागचा विचार होता. संशोधन विद्यालयाच्या कुंपणात अडकू नये म्हणून त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळांच्या कार्यातही पुढाकार घेतला. छायाचित्रकार तीना मोदोत्ती यांनी त्यांच्या कामाची छायाचित्रे टिपली. दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील ‘आमची भाकरी’ या अर्थाच्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले.

खानखोजे यांनी रानातले गुण पिकात आणले. आजची चिंता उलट प्रवाहाची आहे. शेतातल्या पिकाचे पराग मोठ्या प्रमाणात रानात पोहोचले, तर रानजातीची मोजकीच रोपे त्या पुरात आपले वेगळेपण गमावू शकतात. रोग, थंडी किंवा दुष्काळ यांना तोंड देणारे गुण असे एकदा हरवले, की पुढच्या संशोधकाला ते कोठून मिळणार? याच काळजीपोटी मेक्सिकोने 1998 मध्ये जनुकीय सुधारित मक्याची लागवड थांबवली. तरीही 2001 मध्ये ओआहाका प्रांतातील स्थानिक मक्यात असे जनुक आढळल्याचा दावा प्रसिद्ध झाला आणि त्यावरून मोठा वाद पेटला.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. मका पोर्तुगिजांमार्फत भारतात आला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज वडोदऱ्याच्या पूर्वेकडील डोंगराळ पट्ट्यात, म्हणजे 2013 पर्यंत वडोदरा जिल्ह्यातच असलेल्या छोटा उदेपूर भागात, मक्याचा रोटला हे आदिवासींचे रोजचे अन्न आहे. मात्र तेथील रानात टिओसिंटे नाही. त्यामुळे मक्याचे जनुक रानात शिरण्याचा धोका तेथे जवळजवळ नाही. गोव्याच्या भातशेतीची गोष्ट वेगळी. भाताचे रानटी सोयरे आपल्याच पाणथळ जागी उगवतात आणि शेतातल्या भाताशी त्यांचा संकर होऊ शकतो. कापणीपूर्वीच दाणे गाळणारे तणभात शेतकऱ्याला छळते, आणि लागवडीच्या भाताचे गुण त्यात उतरले तर ते ओळखणे व उपटणे अधिकच कठीण होते. म्हणून नवे वाण आणताना त्याच्या उत्पन्नाबरोबरच शेजारच्या पाणवठ्यात त्याचे कोण सोयरे उभे आहेत, हेही पाहावे लागते.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे मायदेशी परतले आणि नागपुरात स्थायिक झाले. 1967 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या देशासाठी त्यांनी शेतीचे शास्त्र शिकायला घेतले, त्या देशाला त्यांच्या उमेदीची वर्षे मिळाली नाहीत. ती मेक्सिकोच्या शेतकऱ्यांना लाभली. पण तण म्हणून उपटल्या जाणाऱ्या गवतात उद्याच्या पिकाची शिदोरी असू शकते, हा त्यांच्या कामातला धडा भारतालाही तितकाच लागू आहे.