पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

धर्म एका दिवसात स्वीकारता येतो, पण तो अंगी बाणायला किती वर्षे लागतात? पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना हा प्रश्न माझ्या मनात सारखा येत राहिला.

२३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदेला न जुमानता पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने ती विद्या लेकीला दिली. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. व्रते केली, उपास केले, होते नव्हते ते दानधर्मात संपविले. शेवटी १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले. नुसत्या बाह्य आचाराने हाती काय लागते, हे रमाबाईंनी असे कोवळ्या वयातच पाहिले.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. पण दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. पदरी मनोरमा होती. पुण्यात आर्य महिला समाज स्थापून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गदारोळ उडाला.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. जगाच्या दृष्टीने त्या ख्रिस्ती होत्या, वर सत्कार्यही करीत होत्या. आणखी काय हवे होते? परंतु १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्त अजून भेटलाच नाही! तत्त्वे बुद्धीला पटली होती. अंतःकरण मात्र होते तेथेच होते. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे स्वच्छपणे मांडले.

मित्रहो, ही कबुली मला बाप्तिस्म्यापेक्षाही धाडसाची वाटते. त्या वेळी विरोधात लोक होते. या वेळी आडवी येत होती ती स्वतःचीच प्रतिष्ठा. गळ्यात क्रूस असो की तुळशीची माळ, बाह्य धर्माचा खरा धोका हाच की, तो माणसाला लवकर समाधानी करून टाकतो.

पुढे काय बदलले? शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. १८९६-९७ च्या दुष्काळात मात्र त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि त्यांनी शेकडो उपाशी मुली व बाया आपल्याकडे आणल्या. जात विचारली नाही. आपला भंडारा जिल्हा त्या काळी मध्य प्रांतातच होता. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० पर्यंत तेथे दीड हजारांहून अधिक जणी होत्या. बायबलचे मूळ भाषांवरून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात त्यांनी अखेरची वर्षे वेचली. १९२१ साली मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पुढच्या वर्षी माझ्या नावापुढे बी. ए. ही अक्षरे लागतील. तीही एका परीने बाप्तिस्म्यासारखीच! ती अक्षरे मिरवून मी रोवणीला जाणाऱ्या बायांकडे तुच्छतेने पाहू लागले, तर माझी विद्या वरवरचीच म्हणावी लागेल. रमाबाईंना आठ वर्षे लागली. मला किती लागतील ते पदवी सांगणार नाही. मी माझ्या आईशी कशी बोलते, त्यावरून कळेल.