बातमीतला बॉबी

बॉबी फिशर हे नाव मी पहिल्यांदा वाचले ते १९७२ च्या जुलैत, वाशीमला, एक दिवस शिळ्या वर्तमानपत्रात. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. नागपूरचा पेपर आळीत हातोहात फिरून आमच्या घरी यायचा, तोवर त्याच्या घड्या मऊ झालेल्या असत. पावसाने डोळे वटारले होते. पेरण्यांच्या काळजीच्या बातम्यांशेजारी एक चौकट होती. आइसलँड नावाच्या बेटावर बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सामना व्हायचा आहे, रशियाचा बोरिस स्पास्की येऊन बसला आहे आणि अमेरिकेचा फिशर अजून उगवलेलाच नाही! मी बारा वर्षांचा होतो. बुद्धिबळ हा आजोबांचा, दुपारच्या जेवणानंतर ओसरीवर पेंगत खेळायचा खेळ. त्याचीही बातमी होते, याचेच मला नवल वाटले.

घरात पक्ष पडले. ऑगस्ट १९७१ मध्ये भारत-सोव्हिएत करार झाला होता आणि डिसेंबरच्या युद्धात अमेरिकेने सातवे आरमार बंगालच्या उपसागरात धाडले होते. त्यामुळे वडील आणि बहुतेक सगळी आळी स्पास्कीच्या बाजूची. आमच्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरे असत तीसुद्धा ‘सोव्हिएत लँड’च्या गुळगुळीत कागदाची. पुढे त्याच दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, आली आणि ती नाइलाजाने खाताना लोकांनी अमेरिकेला आणखी चार शिव्या घातल्या.

मी मात्र फिशरचा. बातम्यांत तो एकटा होता आणि समोर अख्खा देश, त्याचे सल्लागार, त्याचे सरकार. बारा वर्षांच्या पोराला आणखी काय लागते? वडिलांच्या एका जुन्या खतावणीत मी फिशरची कात्रणे चिकटवू लागलो.

आजोबांचा पक्ष तिसराच होता. ते देशी पद्धतीने खेळत, प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे टाकणारे. मी त्यांना बातम्या मोठ्याने वाचून दाखवी. फिशर कॅमेऱ्यांवरून भांडला, फिशरने बक्षीस वाढवून मागितले, फिशर चिडून खोलीत बसला. ते सगळे ऐकून घेत आणि विचारत, ते असू दे, पण त्याने चाल कोणती केली? ते काही आमच्या पेपरात नसायचे.

तो माणूस खरा कसा होता, हे मला पुढे अनेक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी कळत गेले. दर तुकड्याला खतावणीतले एखादे कात्रण फिके पडत गेले.

फिशरचा जन्म ९ मार्च १९४३ चा, शिकागोचा. आई रेजिना जन्माने स्वित्झर्लंडची, ज्यू, अनेक भाषा जाणणारी, काही काळ मॉस्कोत वैद्यकी शिकलेली. जन्मदाखल्यावर वडील म्हणून ज्याचे नाव होते, तो घरात कधी राहिलाच नाही. आई दोन मुलांना घेऊन मिळेल ती नोकरी करत फिरली आणि शेवटी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्थिरावली. मॉस्कोत राहिलेली म्हणून अमेरिकेच्या गुप्त पोलिसांनी तिच्यावर वर्षानुवर्षे पाळत ठेवली होती आणि तिच्या नावाची फाइल शेकडो पानांची झाली होती. १९६० च्या सुमारास ही बाई घरातून बाहेर पडली आणि सॅन फ्रान्सिस्कोहून मॉस्कोकडे निघालेल्या शांतता-यात्रेत चालू लागली. आई मॉस्कोच्या दिशेने शांततेसाठी चालते आहे आणि मुलगा मॉस्कोला हरवण्यासाठी घरात एकटा पटावर बसला आहे, असे ते घर. कादंबरीत मी हे लिहिले असते तर संपादकांनी अतिरंजित म्हणून काट मारली असती.

सहा वर्षांचा असताना बहीण जोनने गोळ्या-चॉकलेटच्या दुकानातून बुद्धिबळाचा एक स्वस्त संच आणला आणि पोरगा त्यात बुडाला. त्याच्याशी खेळायला कुणी मिळेना. तेव्हा नोव्हेंबर १९५० मध्ये आईने ‘ब्रुकलिन ईगल’ या वर्तमानपत्राला एक पोस्टकार्ड लिहिले. माझ्या मुलाच्या वयाचा कुणी सोबती मिळावा म्हणून जाहिरात द्यायची आहे, असा त्याचा आशय. ही जाहिरात कोणत्या सदरात घालावी, हे त्या कचेरीत कुणाला कळेना. ते कार्ड बुद्धिबळाचे सदर लिहिणाऱ्या वयोवृद्ध हर्मन हेल्म्स यांच्याकडे गेले. एक नामांकित खेळाडू एकाच वेळी अनेकांशी खेळणार आहे तिथे मुलाला पाठवा, असे त्यांनी कळवले. १७ जानेवारी १९५१ ला सात वर्षांचा बॉबी तिथे गेला आणि पाव तासात हरला. वर्तमानपत्राशी त्याचा हा पहिला संबंध. पुढचे सगळे पाहता तोच सर्वांत निर्मळ म्हणावा लागेल.

मग मात्र वेग आला. तेराव्या वर्षी, १९५६ मध्ये, त्याने डोनाल्ड बर्नविरुद्ध वजिराचा बळी देऊन असा एक डाव जिंकला की एका बुद्धिबळ मासिकाने त्याला शतकातला डाव ठरवून टाकले. चौदाव्या वर्षी अमेरिकेचे अजिंक्यपद. पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर, तोवरच्या इतिहासात सर्वांत लहान. सोळाव्या वर्षी शाळा सोडली. त्याने हे सारे शिकले ते पुष्कळसे रशियनांकडून. सोव्हिएत मासिके वाचता यावीत म्हणून तो रशियन शिकला होता. १९५८ मध्ये बहिणीबरोबर मॉस्कोला गेला तेव्हा मोठमोठ्यांशी खेळायला मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. मिळाले ते झटपट डाव. पोरगा रुसून परतला. ज्यांना गुरू मानले त्यांनी उंबऱ्यावरून परत पाठवले, हा सल त्याच्या मनात कायम राहिला असावा, असे मला वाटते.

जानेवारी १९६२ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात राल्फ गिन्झबर्ग याने घेतलेली त्याची मुलाखत आली. स्त्रियांना, शिक्षकांना, सहखेळाडूंना तुच्छ लेखणारा, उंची सुटांचा शौकीन, उद्धट पोरगा तीत रंगवला होता. आपले शब्द पिरगाळले, असे फिशर नंतर म्हणत राहिला. गिन्झबर्गने त्या मुलाखतीची मूळ टिपणे नष्ट केली, तेव्हा खरे-खोटे करणे कायमचेच राहिले. पण पुढची प्रत्येक बातमी त्याच एका मुलाखतीच्या साच्यातून निघाली. साचा तयार असला की बातमी लिहायला सोपे जाते.

फिशर हा निव्वळ बिचारा होता, असे मात्र कुणी समजू नये. त्यानेही वर्तमानपत्रांचे हत्यार उचलले. १९६२ च्या क्युरासाओ स्पर्धेत तो चौथा आला आणि ऑगस्टमध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये त्याने जाहीर केले की रशियन खेळाडू आपसांत डाव वाटून घेतात. आरोपात तथ्य होते. पेट्रोशियन, केरेस आणि गेलर यांचे आपसांतले बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले होते. जागतिक संघटनेने पुढे नियम बदलून आव्हानवीर निवडण्यासाठी एकास एक सामने सुरू केले. गंमत अशी की स्पास्की त्या स्पर्धेत नव्हताच. तरी दहा वर्षांनी त्या कारस्थानाचा अंगरखा अमेरिकी पत्रकारांनी त्याच्याच अंगावर चढवला.

१९७१ मध्ये फिशरने ताइमानोव्हला ६-०, लार्सनला ६-० आणि माजी जगज्जेत्या पेट्रोशियनला ६½-२½ असे हरवले. या पातळीवर बरोबरीच जास्त होतात, तिथे ओळीने सहा-सहा विजय म्हणजे काय, हे खेळणाऱ्याला सांगायला नको. ताइमानोव्ह मायदेशी परतला तेव्हा त्याच्या सामानात सोल्झेनित्सिनचे पुस्तक सापडले. त्याचे किताब काढून घेण्यात आले, परदेशप्रवास बंद झाला. पराभवाची शिक्षा पुस्तकाच्या नावाने झाली.

मग रेकजाविक. सामना २ जुलैला सुरू व्हायचा होता. फिशर न्यूयॉर्कमध्येच अडून बसला. लंडनच्या जिम स्लेटर या धनिकाने सव्वा लाख डॉलरचे बक्षीस दुप्पट केले, किसिंजर यांनी फोन केला, तेव्हा स्वारी हलली. ११ जुलैला पहिला डाव झाला. बरोबरीकडे चाललेल्या त्या डावात फिशरच्या उंटाने कडेचे प्यादे खाल्ले आणि तो तिथे अडकला. डाव गेला. दुसऱ्या डावाला, कॅमेरे काढा म्हणून, तो आलाच नाही. २-०. सोव्हिएत पत्रांनी त्याला पैशाचा लोभी ठरवले होते, अमेरिकी पत्रांनी हट्टी पोर.

आता स्पास्कीची गोष्ट. हा लेनिनग्राडच्या वेढ्यातून बाहेर काढलेल्या मुलांपैकी एक, कम्युनिस्ट पक्षाचा सभासद न झालेला, मोकळ्या स्वभावाचा गृहस्थ. मॉस्कोहून त्याला परत येण्याचा सल्ला होता. तो विमानात बसला असता तर जगज्जेतेपद घेऊन घरी गेला असता आणि दोष फिशरच्या माथी आला असता. त्याला ते नको होते. त्याला खेळायचे होते. फिशरच्या मागणीप्रमाणे तिसरा डाव तो प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका लहान खोलीत खेळायला तयार झाला आणि तो हरला. फिशरने त्याला आयुष्यात हरवण्याची ती पहिली वेळ. तिथून पारडे फिरले.

२३ जुलैचा सहावा डाव. एरवी राजापुढच्या प्याद्याने सुरुवात करणारा फिशर त्या दिवशी वजिराच्या बाजूने खेळला. पुढे स्पास्कीचा आवडता, कधी न हरलेला बचाव आला आणि फिशरने तो दोऱ्याची गाठ सोडवावी तसा उलगडून दाखवला. एकेचाळीस खेळ्यांत डाव संपला. प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले आणि हरलेला जगज्जेताही उभा राहून त्यांच्याबरोबर टाळ्या वाजवू लागला.

पुढे रशियन पथकाने फिशरच्या बाजूला विजेची वा रसायनांची काही करामत असल्याचा संशय घेतला. खुर्च्यांचे क्ष-किरण काढले, दिवे उघडले. दोन मेलेल्या माश्या सापडल्या. माझ्या खतावणीत या माश्यांचे कात्रण आहे. टाळ्यांचे नाही. १ सप्टेंबरला स्पास्कीने फोनवरून एकविसावा डाव सोडला आणि १२½-८½ असा सामना संपला.

त्या सहाव्या डावाच्या चाली मला मिळाल्या त्या बँकेत लागल्यानंतर, नागपूरच्या रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात. आजोबा तोवर गेले होते. त्यांच्याच पटावर मी एका रविवारी तो डाव मांडला. निम्म्यात थांबून मी चहा घेतला, कारण पुढची चाल पाहायची भीती वाटू लागली होती. आजोबा काय विचारत होते, ते त्या दिवशी कळले.

रेकजाविकनंतर इकडेही पट जोरात मांडले जाऊ लागले. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती जिंकली वासंती खाडिलकरने. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांची ही मुलगी. वासंती, जयश्री, रोहिणी या तिघी बहिणींनी ती स्पर्धा जणू घरातच ठेवली, आणि १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. संपादकाच्याच घरात पट मांडलेला असल्यावर चाली छापायला कुणाची हरकत!

फिशर मात्र थांबला. मी उमेदीची वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढली आहेत. पैशाचा लोभी गिऱ्हाईक मला दुरून ओळखू येतो. हा तसा नव्हता. जिंकल्यावर चालून आलेले लाखो डॉलरचे जाहिरातींचे करार त्याने नाकारले. ‘लाइफ’चा ब्रॅड डॅराक त्याच्या निकट राहून वावरला होता. त्याने १९७४ मध्ये फिशरचे सगळे घरगुती वर्तन पुस्तकात मांडले, तेव्हा फिशर कोर्टात गेला आणि हरला. त्यानंतर पत्रकाराशी बोललेला मित्र त्याला मित्र राहिला नाही. १९७५ मध्ये कार्पोव्हशी खेळण्याच्या अटी पूर्ण मान्य झाल्या नाहीत म्हणून त्याने जगज्जेतेपद न खेळताच जाऊ दिले. वीस वर्षे एकही अधिकृत डाव नाही.

१९९२ मध्ये तो उगवला तो युगोस्लाव्हियात, पुन्हा स्पास्कीसमोर, पन्नास लाख डॉलरच्या सामन्यासाठी. त्या देशावर निर्बंध होते. खेळू नकोस, असे बजावणाऱ्या अमेरिकी सरकारच्या कागदावर तो पत्रकारांसमोर थुंकला. सामना जिंकला आणि देश गमावला. पुढची वर्षे वाईट आहेत. स्वतः ज्यू आईचा मुलगा ज्यूंविरुद्ध गरळ ओकत राहिला. ११ सप्टेंबर २००१ च्या संहाराचा आनंद त्याने फिलिपाइन्सच्या रेडिओवर व्यक्त केला. हे वर्तमानपत्रांनी रचलेले नव्हते. ते त्याच्याच तोंडचे होते आणि त्यावर पांघरूण घालायची मला इच्छा नाही. पण ज्यांनी त्याला १९७२ मध्ये स्वातंत्र्याचा एकांडा शिलेदार म्हणून उचलले, त्यांनीच मग वेड्याची बातमी तितक्याच चवीने विकली, हेही मी विसरू शकत नाही.

जुलै २००४ मध्ये जपानच्या विमानतळावर त्याला पकडले, तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहून त्याच्यासाठी दयेची याचना कुणी केली? १९७६ पासून फ्रान्समध्ये राहणाऱ्या स्पास्कीने. दया करता येत नसेल तर मलाही त्याच कोठडीत टाका आणि आम्हाला एक पट द्या, असे त्याने कळवले. वडिलांना मी ती बातमी वाचून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि स्पास्कीची बाजू घेऊन आपण चुकलो नव्हतो, एवढेच म्हणाले.

मार्च २००५ मध्ये आइसलँडच्या संसदेने फिशरला नागरिकत्व दिले. १७ जानेवारी २००८ ला, पटाच्या घरांइतक्या, म्हणजे चौसष्टाव्या वर्षी, तो रेकजाविकला मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. आईच्या पोस्टकार्डामुळे ज्या दिवशी तो पहिल्यांदा लोकांसमोर खेळला, त्याच तारखेला. सेल्फॉस गावाजवळच्या एका लहानशा चर्चच्या आवारात मोजक्या माणसांनी त्याला पुरले. पत्रकारांना बोलावले नव्हते. मार्चमध्ये स्पास्की तिथे जाऊन थडग्यापाशी उभा राहिला. तोही २७ फेब्रुवारी २०२५ ला मॉस्कोत अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली ती बातमी मी कापली आणि खतावणीत माश्यांच्या कात्रणाशेजारी जागा होती तिथे चिकटवली.