नाताळच्या बुटक्यामागचे संत : मायराचे बिशप निकोलस

आगमनकाळ सुरू होऊन काही दिवस लोटतात आणि ६ डिसेंबर रोजी ख्रिस्तसभा मायराचे बिशप संत निकोलस यांचे स्मरण करते. लाल झगा, पांढरी दाढी आणि खांद्यावर पोतडी अशा वेशातील सांताक्लॉज आपल्या मुलांच्या चांगल्या परिचयाचा आहे. अलीकडे त्याच्या जोडीला ‘एल्फ’ नावाचा एक बुटकाही काही घरांत येऊ लागला आहे. रात्री सारे झोपले की हा बाहुला जागा बदलतो, एखादी खोडी करून ठेवतो आणि सकाळी मुले त्याला शोधत घरभर धावतात. खेळ गोड आहे. तो आपल्या घरी कसा खेळावा, याचा विचार करण्यापूर्वी ज्या थोर पुरुषाच्या नावाभोवती हे सारे उभे राहिले, त्यांचे जीवन आपण पाहू या.

श्रीमंत घरातील अनाथ मुलगा

निकोलस यांचा जन्म इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात लिसिया प्रांतातील पतारा या बंदरात झाला. हा प्रदेश आज तुर्कस्तानात मोडतो. आईवडील सधन व श्रद्धावंत होते. ते लवकर निवर्तले आणि तरुण निकोलस यांच्या हाती मोठी संपत्ती आली. ही संपत्ती आपली नसून गरजवंतांची ठेव आहे, असे त्यांनी मानले. देताना मात्र आपले नाव पुढे येऊ नये, याची ते फार काळजी घेत. दानधर्म गुप्तपणे करावा, ही प्रभू येशूची शिकवण त्यांनी अक्षरशः आचरणात आणली.

तीन रात्री

त्यांच्या चरित्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग परंपरेने आपल्यापर्यंत पोहोचवला आहे. त्यांच्या गावात एक गृहस्थ राहत असे. एकेकाळी त्याचे बरे चालले होते, पुढे तो पुरता कफल्लक झाला. घरात लग्नाच्या वयाच्या तीन मुली होत्या. हुंड्याला पैसा नाही, म्हणून कोणी त्यांना पत्करीना. अखेर मुलींना अब्रू विकून जगावे लागेल, अशी वेळ त्या घरावर येऊन ठेपली.

निकोलस यांच्या कानी ही गोष्ट गेली. दिवसाढवळ्या जाऊन पैसे देणे त्यांना सहज शक्य होते. पण त्या बापाची मान गावासमोर खाली गेली असती. म्हणून त्यांनी रात्र निवडली. सोन्याच्या मोहरांची थैली त्यांनी खिडकीतून आत टाकली आणि ते अंधारात निघून गेले. थोरलीचे लग्न झाले. काही काळाने दुसरी थैली आली, मधलीचेही लग्न झाले. तिसऱ्या वेळी बाप जागत बसला होता. थैली पडताच तो धावत सुटला, त्याने निकोलस यांना गाठले आणि त्यांच्या पायांवर लोळण घेतली. निकोलस यांनी त्याच्याकडून एकच वचन घेतले. आपण हयात असेपर्यंत त्याने ही गोष्ट कोणालाही सांगायची नव्हती.

पुढे या कथेला आणखी एक धागा जोडला गेला. थैली धुराड्यातून खाली आली आणि वाळत घातलेल्या पायमोज्यात पडली, असे लोक सांगू लागले. नाताळच्या रात्री मोजे टांगण्याच्या प्रथेशी ही कथा जोडली जाते. चित्रांत संत निकोलस यांच्या हाती दिसणारे सोन्याचे तीन गोळे म्हणजे त्याच तीन थैल्या होत.

मायराचे मेंढपाळ

पुढे निकोलस मायरा नगरीचे बिशप झाले. या नगरीच्या जागी आज डेमरे हे गाव आहे. सम्राट डायोक्लेशन याने इसवी सन ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभला. त्या काळात त्यांनी तुरुंगवास भोगला, अशी परंपरा आहे. इसवी सन ३२५ च्या निकिया येथील धर्मपरिषदेला उपस्थित असलेल्या बिशपांच्या काही जुन्या याद्यांत त्यांचे नाव आढळते.

त्यांच्याविषयीच्या अतिशय जुन्या कथेत ते तीन निरपराध माणसांचा शिरच्छेद थांबवतात. मारेकऱ्याने उगारलेली तलवार त्यांनी स्वतः धरली आणि लाच खाऊन शिक्षा सुनावणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारला. दुष्काळात बंदराला लागलेल्या धान्याच्या जहाजांतून त्यांनी आपल्या उपाशी लोकांसाठी गहू मिळवून दिला, अशीही एक कथा आहे. गुप्तपणे देणारा हा माणूस अन्यायापुढे मात्र उघडपणे उभा राहत असे, हे ध्यानात घ्यावे.

चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ६ डिसेंबर या दिवशी त्यांचे देहावसान झाले, असे मानतात. इसवी सन १०८७ मध्ये इटलीतील बारी शहराच्या खलाशांनी त्यांचे अवशेष मायराहून आपल्या गावी नेले. तेथील महामंदिरात आजही भाविकांची रीघ लागते. खलाशी, मुले आणि अविवाहित मुली त्यांना आपले आश्रयदाते मानतात.

संताचा बुटका कसा झाला?

हॉलंडमध्ये निकोलस यांचे ‘सिंटरक्लास’ झाले आणि अमेरिकेत त्याचा सांताक्लॉज बनला. इसवी सन १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात छापून आलेल्या कवितेने तर निकोलस यांनाच एक आनंदी, गुबगुबीत एल्फ ठरवले. शिवाय नॉर्वे व डेन्मार्कमध्ये ‘निस्से’ आणि स्वीडनमध्ये ‘टोम्टे’ नावाचा शेतघराचा राखणदार बुटका लोककथांत होताच. नाताळच्या रात्री त्याच्यासाठी लापशी ठेवण्याची तिकडे चाल आहे. असे बुटके एकोणिसाव्या शतकात सांताचे मदतनीस बनले. इसवी सन २००५ मध्ये अमेरिकेत ‘द एल्फ ऑन द शेल्फ’ हे पुस्तक बाहुल्यासह निघाले आणि हा खेळ घरोघरी पसरला. त्यातील बुटका मुलांवर नजर ठेवतो आणि रोज रात्री सांताला त्यांची खबर देतो. येथे मात्र आम्हाला थांबावेसे वाटते. संत निकोलस कोणाच्या चुका मोजायला खिडकीशी गेले नव्हते. मग त्यांचा मदतनीस पाळत ठेवणारा का असावा?

आपल्या घरी

आपला एल्फ निकोलस यांचा खरा मदतनीस असू द्या. बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावात डिसेंबर म्हणजे कापूस वेचण्याचे आणि तुरीच्या शेंगा भरण्याचे दिवस. तेथे बाहुला विकत आणण्याचे कारण नाही. चिंध्यांचा बुटका शिवावा, शेतातल्या बोंडातील कापसाची त्याला दाढी लावावी. ५ डिसेंबरच्या रात्री मुलांनी दाराशी आपल्या चपला मांडून ठेवाव्यात. सकाळी त्यांत मूठभर बोरे किंवा शेंगदाण्याचा एखादा लाडू असावा आणि शेजारी बुटका बसलेला असावा.

पुढे रोज रात्री तो कुठेतरी दडेल. कधी कोनाड्यात, कधी माठामागे, कधी धान्याच्या कोठीवर. त्याच्या खोड्या साध्या असाव्यात, अन्नाची नासाडी करणाऱ्या नसाव्यात. सर्वांच्या चपलांची घरभर रांग लावावी, कॅलेंडर उलटे टांगावे, शेंगांच्या टरफलांच्या होड्या परातीतील पाण्यात सोडाव्यात. मात्र त्याच्या हाती रोज एक चिठ्ठी असावी आणि चिठ्ठीत एक गुप्त काम. आजीचा चष्मा पुसून ठेवणे, आई उठण्यापूर्वी अंगण झाडणे, पाखरांना ज्वारीचे दाणे टाकणे. काम कोणाला न कळता झाले, की मुलाने गोठ्याच्या देखाव्यातील रिकाम्या गव्हाणीत एक काडी ठेवावी. नाताळच्या रात्री बाळ येशू त्याच काड्यांवर निजेल. मोठ्यांनीही चिठ्ठ्या टाकून घरातील एकेकाचे नाव उचलावे आणि २४ डिसेंबरपर्यंत गुपचूप त्याची सेवा करावी.

शेवटच्या आठवड्यात बुटक्याने घराबाहेर पडावे. सोयाबीन हातचे गेले, कर्ज डोक्यावर आहे, मुलीचे लग्न ठरत नाही, अशी घरे आपल्या आसपास आहेत. हुंडाबंदीचा कायदा इसवी सन १९६१ पासून आहे, तरी निकोलस यांच्या शेजाऱ्याचे दुःख आपल्या गावांतून अजून गेलेले नाही. अशा एखाद्या दारी, ते कोणत्याही धर्माचे असो, पहाटे करंज्यांचा डबा आणि जमेल तेवढी मदत ठेवावी आणि नाव सांगू नये. ब्लँकेट वाटताना घेणाऱ्याला फलकापुढे उभे करून छायाचित्र काढण्याची सवय आपल्या संस्थांनाही जडली आहे, हे आम्ही खेदाने मान्य करतो. घेणाऱ्याची मान ताठ राहावी, म्हणून संत निकोलस रात्री गेले होते.

एक दिवस मूल विचारील की हा बुटका खरा आहे का. तेव्हा खोटे बोलू नये. त्याला जवळ घेऊन तीन रात्रींची गोष्ट सांगावी आणि पुढच्या वर्षी बुटका लपवण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे.

संत निकोलस यांच्या मध्यस्थीने आपणा सर्वांच्या घरी यंदाचा नाताळ आनंदाचा होवो, आणि एखाद्या अंधाऱ्या खिडकीतही तो आनंद आपल्या हातून पोहोचो, हीच प्रार्थना.