सीझरियाचे बिशप बेसिल

तुर्कस्तानचा नकाशा समोर ठेवा. देशाच्या साधारण मध्यभागी तुम्हांला कायसेरी हे शहर दिसेल. शहराजवळच एर्जियेस नावाचा ३,९१७ मीटर उंचीचा पर्वत आहे. त्याचे शिखर बर्फाने झाकलेले असते. रोमन बादशहांच्या काळात या शहराला सीझरिया म्हणत. हे नाव इतरही काही शहरांना होते. आपण ज्या सीझरियाची हकीकत वाचणार आहोत, ते कप्पडोशिया प्रांताचे मुख्य शहर होते.

एखाद्या शहरातील आणि आसपासच्या गावांतील ख्रिस्ती लोकांच्या मुख्य धर्मगुरूला बिशप म्हणतात. सीझरियाच्या बिशपचा मान फार मोठा होता. कित्येक लहान गावांचे धर्मगुरू त्यांच्या हाताखाली असत. शेजारच्या आर्मेनिया देशातील चर्चच्या प्रमुखाला पदाची दीक्षा घेण्यासाठी याच शहरात यावे लागे. इ. स. ३७० मध्ये या पदावर बेसिल नावाचे गृहस्थ आले. त्यांची प्रकृती नाजूक होती, पण मन खंबीर होते.

बेसिल यांचा जन्म इ. स. ३३० च्या सुमारास झाला. घर श्रीमंत आणि शिकलेले होते. वडील वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक होते. बेसिल आधी सीझरियात, मग कॉन्स्टँटिनोपलमध्ये आणि शेवटी अथेन्समध्ये शिकले. हे कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचे इस्तंबूल. अथेन्समध्ये त्यांना ग्रेगरी नावाचा जिवलग मित्र मिळाला. दोघे एकत्र राहत आणि एकत्र अभ्यास करत. पुढे रोमचा बादशहा झालेला ज्यूलियनही त्या दिवसांत तेथेच शिकत होता. ग्रेगरी यांचे नाव लक्षात ठेवा. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहेत.

शिक्षण संपवून बेसिल घरी परतले, तेव्हा त्यांना आपल्या विद्वत्तेची थोडी घमेंड होती. मोठी बहीण मॅक्रिना हिच्या हे लगेच ध्यानात आले. तिने भावाला चांगलेच समजावले. मग बेसिल यांनी नावलौकिकाचा नाद सोडला. ते इजिप्त, पॅलेस्टाइन आणि सीरिया या देशांत फिरले व तेथील साधूंचे जीवन त्यांनी जवळून पाहिले. परत आल्यावर ते एका नदीकाठी साधेपणाने राहू लागले. पुढे चर्चच्या कामासाठी ते सीझरियाला आले.

इ. स. ३६९ च्या सुमारास त्या भागात भयंकर दुष्काळ पडला. हिवाळ्यात बर्फ पडले नाही, नंतर पाऊसही आला नाही. ओढे आटले, शेते करपली. तुम्ही म्हणाल, दुसरीकडून धान्य का आणले नाही? सीझरिया समुद्रापासून फार दूर होते. बंदराच्या शहरात जहाजातून धान्य उतरवता येते. येथे मात्र डोंगर ओलांडून बैलगाड्यांनी आणावे लागे. धान्यापेक्षा वाहतुकीचाच खर्च जास्त होई. शहरातील काही व्यापाऱ्यांच्या कोठारांत धान्य होते, पण भाव आणखी चढावेत म्हणून त्यांनी दारांना कुलपे लावली होती.

बेसिल तेव्हा बिशप झालेले नव्हते, साधे धर्मगुरू होते. त्यांनी चर्चमध्ये उभे राहून या धनवानांना चांगलेच खडसावले. एका प्रवचनात त्यांनी एका गरीब बापाचे वर्णन केले. घरात खायला काही नाही, म्हणून त्याला आपले एक मूल बाजारात विकायचे आहे. कोणते विकावे? थोरले की धाकटे? एकेकाच्या तोंडाकडे पाहून त्याचा जीव तुटतो. एवढे होऊनही खरेदी करणारा किमतीसाठी घासाघीस करतो. हे वर्णन आजही वाचवत नाही. मग ज्यांच्या घरात धान्य होते, त्यांच्यावर त्या दिवशी काय परिणाम झाला असेल!

कोठारे उघडली. बेसिल यांनी आपली वडिलोपार्जित मालमत्ताही या कामी खर्च केली. मोठमोठ्या हंड्यांत कडधान्यांचे कढण शिजू लागले. उपाशी बायका, मुले, म्हातारे जमले. बेसिल यांनी कमरेला फडके गुंडाळले आणि ते स्वतः वाढायला उभे राहिले. ज्यू लोकांची मुलेही त्या पंगतीत जेवली.

पुढच्याच वर्षी ते बिशप झाले आणि लगेच संकट आले. त्या काळी येशू ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दल ख्रिस्ती लोकांत मोठा वाद होता. बादशहा व्हॅलेन्स एका पक्षाचा, तर बेसिल दुसऱ्या पक्षाचे. बादशहाने मोडेस्टस नावाच्या बड्या अधिकाऱ्याला पुढे पाठवले. मोडेस्टसने धमक्या दिल्या. मालमत्ता जप्त करू, देशाबाहेर हाकलून देऊ, छळ करू, ठार मारू, असे तो म्हणाला. बेसिल यांनी शांतपणे उत्तर दिले. जप्त करायला आपल्याजवळ जुने कपडे आणि थोडी पुस्तके आहेत. हद्दपारीचे भय नाही, कारण सारी भूमी देवाचीच आहे. छळ म्हणाल, तर हे दुबळे शरीर पहिल्याच तडाख्यात संपेल. आणि मरणाने देवाची भेट लवकर होईल. आपल्याशी असे कोणी कधी बोलले नव्हते, असे मोडेस्टस म्हणाला. त्यावर, तुमची अजून खऱ्या बिशपशी गाठ पडलेली नसेल, असे बेसिल यांनी सुनावले.

बादशहाने त्यांना हात लावला नाही. उलट, गरिबांच्या कामासाठी त्याने जमिनी दिल्याचे सांगतात. बेसिल यांनीही मनात राग धरला नाही. टॉरस पर्वतातील लोखंडाच्या खाणींत राबणाऱ्या लोकांवर कराचा बोजा फार होता. तो कमी करावा म्हणून त्यांनी याच मोडेस्टसला पत्र लिहिले.

शहराबाहेर त्यांनी एक मोठी वसाहत उभारली. तेथे आजाऱ्यांसाठी दवाखाना होता, वाटसरूंसाठी धर्मशाळा होती. वैद्य आणि शुश्रूषा करणारे लोक होते, कारागिरांच्या कामाच्या जागा होत्या. कुष्ठरोग्यांना तेव्हा घरचे लोकही हाकलून देत. त्यांनाही येथे आसरा मिळाला. बेसिल त्यांना जवळ घेत. या बांधकामाबद्दल कोणीतरी प्रांताच्या सुभेदाराकडे चुगली केली. तेव्हा यात सरकारचे काय नुकसान होते, असे बेसिल यांनी त्याला पत्रातून विचारले.

आता ग्रेगरी यांच्याकडे येऊ. बादशहाने कप्पडोशिया प्रांताचे दोन भाग केले. त्यामुळे सीझरियाच्या बिशपचा अधिकार कमी होऊ लागला. तो टिकवण्यासाठी बेसिल यांनी नव्या जागी आपल्या विश्वासातले बिशप नेमले. सासिमा नावाच्या एका लहानशा, धुळीने भरलेल्या गावी त्यांनी ग्रेगरी यांची नेमणूक केली. ग्रेगरी यांची तयारी नव्हती. मित्राने आपला प्याद्यासारखा उपयोग केला, असे त्यांना वाटले. खरे पाहता येथे बेसिल यांचे चुकलेच. भुकेल्यांचे मन जाणणाऱ्या या माणसाने जिवलग मित्राचे मन जाणले नाही. ग्रेगरी यांनी सासिमाचा कारभार कधी नीट हाती घेतलाच नाही.

बेसिल यांची तब्येत आधीपासून नाजूक होती. यकृताच्या दुखण्याने ते हैराण असत. इ. स. ३७९ च्या १ जानेवारीला त्यांचे निधन झाले, असे मानतात. तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. अंत्ययात्रेला इतकी गर्दी लोटली की चेंगराचेंगरीत काही माणसे मरण पावली. त्या गर्दीत ख्रिस्ती होते, ज्यू होते आणि जुन्या देवांना मानणारेही होते.

ग्रेगरी मात्र आजारी असल्यामुळे येऊ शकले नाहीत. काही वर्षांनी ते सीझरियाला आले आणि त्यांनी मित्रावर एक फार मोठे भाषण केले. सासिमाचे दुःख आपण विसरलो नाही, हे त्यात त्यांनी स्पष्ट सांगितले. दुष्काळातल्या त्या कढणाच्या हंड्या, मोडेस्टसची भेट आणि शहराबाहेरची ती वसाहत यांची हकीकत आज आपल्याला कळते, ती बरीचशी त्या भाषणातूनच.