फ्रेडी मर्क्युरीला चाहते फुले कुठे वाहतात?

झांझिबारमधील पारशी कुटुंबात १९४६ साली जन्मलेला फारोख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकला. लंडनमध्ये ‘क्वीन’चा गायक म्हणून तो फ्रेडी मर्क्युरी झाला. एड्स झाल्याचे जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबर १९९१ रोजी, ४५व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या अस्थी कुठे ठेवल्या, हे गुप्त राहिले. थडगेच नसल्याने चाहत्यांनी त्याच्या लंडनमधील घराची भिंत निरोपांनी भरून टाकली. एप्रिल १९९२मध्ये वेम्ब्ली स्टेडियमवर सुमारे ७२ हजार चाहते जमले. त्या मैफलीच्या पैशांतून एड्सविरोधी ट्रस्ट उभा राहिला. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोच्या तळ्याकाठी त्याचा पुतळा आहे. तिथे फुले वाहिली जातात आणि सप्टेंबरमध्ये वाढदिवसही साजरा होतो.